दूरचे टर्मिनल आणि प्रिंटर: बिघाड झेडनॅकवर सोडायचा, नेपकडे द्यायचा की जेस२कडे?

मेनफ्रेमवर व्यवहार चालवणाऱ्या आयबीएमच्या सीआयसीएस या सॉफ्टवेअरला जोडलेला दूरचा ३२७० (मेनफ्रेमसाठीच्या उपकरणांच्या मालिकेतला) टर्मिनल किंवा प्रिंटर अडला की तीन वाटा असतात. सीआयसीएसच्या झेडनॅक या, जोडलेल्या उपकरणांच्या चुका हाताळणाऱ्या, प्रोग्रामला त्याच्या पद्धतीने निस्तरू द्यायचं, त्याच्या जोडीला स्वतःचा नोड एरर प्रोग्राम (नेप) लिहायचा, किंवा छपाईच जेस२च्या (मेनफ्रेमवरचे जॉब आणि छपाई सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) स्पूलवर, म्हणजे डिस्कवरच्या रांगेत, टाकायची. टर्मिनल आणि प्रिंटरला सरसकट एकच वाट लावू नका. टर्मिनलसमोर माणूस बसलेला असतो. प्रिंटरसमोर बहुधा कोणी नसतं, आणि गहाळ झालेली पावती महिनाअखेरीला हिशेब जुळेना तेव्हा कळते.

टर्मिनलसाठी झेडनॅक पुरतो. सेशन तुटलं की टास्क अ‍ॅबेंड होतं (मध्येच बंद पडतं), रिकव्हरेबल (बदल मागे घेता येणाऱ्या) फायलींतले अर्धवट बदल मागे घेतले जातात आणि माणूस पुन्हा लॉगऑन करतो. खरा त्रास टीसीपीचा, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीचा. दूरचा पीसी अचानक बंद पडला तर मेनफ्रेमला ते कळत नाही, एलयू (मेनफ्रेमवरची त्या टर्मिनलची ओळख) अडकून राहतो आणि ठरावीक एलयू नाव असलेल्याला परत आत येता येत नाही. यावर उपाय टीएन३२७० (टीसीपीवरून ३२७० जोडणाऱ्या) सर्व्हरच्या टाइममार्क आणि स्कॅनइंटरव्हल या, जोडणी जिवंत आहे का ते तपासायला लावणाऱ्या, पॅरामीटर्समध्ये आहे. त्यासाठी नेप लिहिण्यात वेळ घालवू नये.

प्रिंटरचं तसं नाही. इथे सेन्स कोड (चुकीचं कारण सांगणारे कोड) नीट वाचावे लागतात. ०८०२ म्हणजे कागद संपला किंवा झाकण उघडं आहे. माणसाने हात लावला की प्रिंटर परत तयार. ०८३१ म्हणजे प्रिंटर बंद किंवा जोडलेलाच नाही. ०८२बी आला तर बफरमधला मजकूर शाबूत राहिलेला नाही, म्हणून पान सुरुवातीपासून पाठवावं लागतं. झेडनॅककडे प्रत्येक चुकीसाठी ठरलेली कृती असते आणि ती ३४३७ क्रमांकाच्या मेसेजमध्ये दिसते. पण अडकलेला कागद चेक होता की साधी यादी, हे त्याला माहीत नसतं.

तो फरक नेप करू शकतो. प्रिंटरांच्या टाइपटर्मला (उपकरणाच्या प्रकाराच्या व्याख्येला) वेगळा नेपक्लास (नेपचा गट सांगणारा क्रमांक) द्या, म्हणजे टर्मिनलांच्या चुका त्यात मिसळणार नाहीत. ०८०२ आला तर प्रिंटरचं नाव क्यूमध्ये लिहून ऑपरेटरला कळवा. ०८३१ आला तर पर्यायी प्रिंटरसाठी वेगळं ट्रान्झॅक्शन स्टार्ट करा. नेपमध्ये थांबून वाट मात्र कधीही पाहू नका. झेडनॅक आणि नेप ज्यात चालतात ते सीएसएनई हे एकच टास्क सगळ्या टर्मिनलांच्या चुका हाताळतं. एका प्रिंटरसाठी ते अडलं की बाकीचे सगळे ताटकळतात.

नेपचा उपयोग व्हायचा तर छापणाऱ्या प्रोग्रामने सेंड कमांडसोबत डेफरेस्प (छपाईचं उत्तर येईपर्यंत थांबायला लावणारा पर्याय) द्यायला हवं. नाहीतर चूक परत येईपर्यंत टास्क संपलेलं असू शकतं, मग पुन्हा पाठवणार कोण?

एमुलेटरमधून (पीसीला ३२७० बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) छापत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. साध्या टीएन३२७०मध्ये प्रिंटरची स्थिती होस्टला (मेनफ्रेमला) कळवायची सोय नाही. टीएन३२७०ई (आरएफसी २३५५, १९९८) मध्ये रिस्पॉन्सेस हे फंक्शन ठरवलं असेल तर क्लायंट ‘प्रिंटर तयार नाही’ असं कळवतो आणि होस्टकडे ते ०८०२ म्हणून पोचतं. बंद प्रिंटरसाठी ०८३१. तरीही काही एमुलेटर मजकूर विंडोजच्या स्पूलरला दिला की लगेच होकार पाठवतात. अशा ठिकाणी कागदाची हमी कुठलाच नेप देऊ शकत नाही.

लांबलचक रिपोर्ट जेस२कडेच द्यावेत. मजकूर स्पूलवर असतो, त्यामुळे प्रिंटर पडला तरी काही हरवत नाही. आउटपुट स्टेटमेंटमध्ये सीकेपीटीपेज हा पॅरामीटर ठरवला की किती पानांनी चेकपॉइंट (छपाई कुठपर्यंत आली याची नोंद) घ्यायचा ते ठरतं. कागद चुरगळला तर ऑपरेटर डॉलर-बी कमांडने पाच-दहा पानं मागे जाऊन छपाई चालू करतो. काउंटरवर ग्राहक उभा असताना लागणाऱ्या पावतीला मात्र ही वाट सोयीची नाही, तिथे नेपच हवा.

काहीही निवडा, चालू करण्याआधी छपाई सुरू असतानाच प्रिंटरचं झाकण उघडा, मग वीज बंद करा, मग नेटवर्कची केबल काढा. तिन्ही वेळा ३४३७ मध्ये काय आलं ते पाहा आणि परत चालू केल्यावर पानं मोजा: एकही कमी नको आणि एकही दोनदा नको.