चुंबक चिकटलं नाही म्हणून स्टील ‘३१६’ ठरत नाही

गोदावरीत रोइंगचा सराव करणाऱ्या मुलांच्या मागे आमच्या मंडळाची एक छोटी मोटरबोट असते. कुणी उलटलंच तर लगेच उचलता यावं म्हणून. तिच्या स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगवर तपकिरी डाग पडू लागले, बोल्टखालून फायबरवर गंजाचे ओघळ उतरले. ते काढून देतो म्हणून एक ठेकेदार आला आणि पालकांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे घेऊन गेला. तो अजूनही धंद्यात आहे आणि बंगल्यांच्या रेलिंगचीही कामं घेतो, म्हणून हे लिहितोय.

‘जहाजांवर वापरतात ते परदेशी केमिकल’ म्हणत त्याने बिनलेबलच्या कॅनमधून काहीतरी ओतलं. नाकाला झोंबणारी वाफ आली आणि रेलिंग चकचकीत झालं. कॅन तो काठावरच टाकून गेला म्हणून तपासता आलं. साधं हायड्रोक्लोरिक आम्ल! स्टेनलेस स्टील टिकतं ते त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर बनणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरावर. हे आम्ल गंजाबरोबर तो थरही खातं आणि त्यातलं क्लोराइड बारीक खड्डे पाडतं. वर त्याने लोखंडी तारेच्या घासणीने घासलं. तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेही गंजतात. थोड्याच दिवसांत डाग परत आले, आधीपेक्षा जास्त. आणि धुतलेलं सगळं पाणी थेट गोदेत गेलं. याचा मला पैशांपेक्षाही जास्त संताप आहे.

मग तोच पुन्हा म्हणाला, ‘तुमचा जुना मालच हलका, ३१६ चा बसवू.’ २०२, ३०४, ३१६ ही स्टेनलेस स्टीलच्या प्रकारांची, म्हणजे ग्रेडची नावं; ३१६ त्यातलं महागडं. पाइप आणि बोल्ट बदलले, दर ३१६ चा लावला. पुरावा काय, तर खिशातलं चुंबक. ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे असली.’ हे धडधडीत खोटं आहे. २०२, ३०४, ३१६ या तिन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा वाकवलेला भाग किंवा बोल्ट थोडासा ओढला जाऊ शकतो. खरा फरक आत असतो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला (मिठातही तेच असतं) तोंड देतं. २०२ मध्ये महाग निकेलची बरीचशी जागा मँगनीजने भरलेली असते. पाइपचा तुकडा आम्ही अंबडच्या एका प्रयोगशाळेत दिला. मॉलिब्डेनम नावालाही नाही, मँगनीज भरपूर. २०२ निघालं. मुळात नदीच्या गोड्या पाण्याला चांगलं ३०४ पुरतं, ३१६ लागतं ते समुद्रावर.

काम देण्याआधी मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे स्टील बनवणाऱ्या कारखान्याचा त्या मालाच्या तपासणीचा दाखला, मागा आणि त्यावरचा हीट नंबर (वितळवलेल्या त्या घाण्याचा क्रमांक) मालावरच्या नंबराशी जुळवा. बिलावर नुसतं ‘एस. एस. पाइप’ चालवून घेऊ नका, ग्रेड लिहून घ्या. डाग वरवरचे असतील तर ऑक्झॅलिक आम्लाच्या क्लीनरने घरीच निघतात, फायबरवरचे ओघळही. बोट काठावर ओढा, हातमोजे घाला, नायलॉनची घासणी वापरा, मग भरपूर पाण्याने धुवून कोरडं करा. ते पाणी मात्र नदीत जाऊ देऊ नका.

आमच्या बिलावर ‘३१६’ स्पष्ट लिहिलेलं आहे. बिल आणि अहवाल हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तिथेही जाणार आहोत. चुंबक दाखवून तुमच्याकडेही कुणी असंच रेलिंग बसवलं असेल तर बिल फाडू नका, आणि पाइपचा एक तुकडा तपासून घ्या.