एमजीबी तापते तेव्हा : विजेचा पंखा की रेडिएटरची नवी जाळी?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा १७९८ सीसीचे इंजिन आणि दोन एसयू कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारे भाग) असलेली एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो : विजेचा पंखा बसवावा, की रेडिएटरची जाळी, म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या नळ्यांचा गाभा, बदलावी? जोडीला तेलगळतीची काळजी असतेच.

गाडी रेल्वे फाटकावर उभी असताना तापत असेल आणि महामार्गावर वेग घेताच तापमानाचा काटा खाली येत असेल, तर हवा कमी पडते आहे, आणि तेथे विजेचा पंखा खरोखर उपयोगी पडतो. कारण मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालत असल्याने इंजिन मंद असताना तोही मंदच फिरतो. मात्र १९६७ पर्यंतच्या गाड्यांत वीज तयार करायला डायनॅमो असतो. तो मंद इंजिनावर जेमतेम वीज देतो, म्हणजे पंखा हवा असतो नेमका तेव्हाच बॅटरीवर ताण येतो.

याउलट, भरधाव वेगात किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना काटा वर सरकत राहिला, तर बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी पंखा बसवणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जाळी बदलायला खर्च अधिक येतो, तरी खानदेशात माझी पसंती तिलाच आहे.

तेलगळतीचे म्हणाल तर तापलेले तेल पातळ होऊन अधिक झिरपते. परंतु गळती थांबवण्यासाठी इंजिन उतरवण्याआधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनातले वायू बाहेर सोडणारी, नळी साफ करावी, कारण ती तुंबली की आतला दाब तेल बाहेर ढकलतो.