काराचं केअरिंग्ज पोर्टल: कर्णबधिर आणि शारीरिक व्यंग असलेलं मूल दत्तक घेताना कितपत उपयोगी?

कागदपत्रांच्या बाजूला चांगले गुण, वैद्यकीय माहितीच्या बाजूला काठावर पास. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, केअरिंग्ज या पोर्टलबद्दल आमचं मत थोडक्यात असं आहे. हे परीक्षण फक्त 'विशेष गरजा असलेली मुलं' या विभागापुरतं आहे. धडधाकट तान्ह्या बाळासाठी नाव नोंदवणाऱ्यांना ज्येष्ठतायादीत वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं, तो वेगळाच विषय.

या विभागाचा मोठा गुण म्हणजे वेग. ऐकू न येणारं, पाऊल वाकडं असलेलं, टाळू दुभंगलेलं किंवा एक हात अपुरा असलेलं मूल स्वीकारायची तयारी असेल तर रांग फार छोटी होते. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत अशा जोडप्यांना २०२२च्या दत्तक नियमावलीनुसार, नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडलं तर, विशेष गरजा असलेलं किंवा सहज घर न मिळणारं मूलच मिळू शकतं. बाकीच्या अटी नेहमीच्याच: लग्नाला किमान दोन वर्षं, मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर, दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५च्या आत, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

नोंदणीचा भाग सरळ आहे. पॅन, पत्ता, उत्पन्न, विवाह आणि प्रकृतीचे दाखले चढवायचे, आपल्या भागातली दत्तक संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष निवडायचा, समाजकार्यकर्ता घरी येऊन गृहभेट अहवाल तयार करतो. अहवाल तीन वर्षं चालतो. गृहभेटीत 'कोणतंही मूल चालेल' असं मोघम सांगणाऱ्यांचं पुढे हमखास अडतं. कोणती स्थिती झेपेल, कोणती नाही, जवळचं वाचा-उपचार केंद्र किती किलोमीटरवर आहे, आठवड्यातून तीन दिवस मुलाला तिथे कोण नेणार, हे त्या अहवालात आलं पाहिजे. शुल्क किती ते पोर्टलवर दिलेलं असतं. त्यापलीकडे कोणी 'देणगी' मागितली तर तिथेच थांबायचं आणि काराकडे लेखी तक्रार करायची.

आता कच्ची बाजू. मुलाबरोबर दोन कागद येतात: बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. दुसऱ्यात बऱ्याचदा 'श्रवणदोष' किंवा 'क्लबफूट' (जन्मतः वाकडं पाऊल) एवढंच असतं. एवढ्या एका शब्दावर कोणी होकार देऊ नये, आणि नकार तर मुळीच देऊ नये. मूल आरक्षित केल्यावर होकार कळवायला मुदत असते, आणि अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवायचा हक्क नियमातच दिलेला आहे. तो वापरणारे कमी, याचं नवल वाटतं.

कानाचं आधी, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. नुसती ओएई चाचणी झाली असेल तर ती अपुरी समजा. ओएई आतल्या कानातल्या बाह्य केसपेशींचा प्रतिसाद मोजते, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे तिला कळत नाही. जन्मतः कावीळ फार वाढलेली किंवा मुदतीआधी जन्मलेली बाळं ओएई पास होऊनही बेरामध्ये, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे लहरींवरून पाहणाऱ्या चाचणीत, नापास होऊ शकतात. त्याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. उलटही घडतं: काही अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये सुरुवातीला लहरी दिसत नाहीत आणि मज्जातंतू पक्व झाल्यावर दिसू लागतात. म्हणून बेरा कोणत्या वयात झाली ती तारीख पाहायची आणि अहवाल जुना असेल तर चाचणी पुन्हा करायची. नेहमीची क्लिक बेरा मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगते; खालच्या स्वरांसाठी टोनबर्स्ट बेरा किंवा एएसएसआर या प्रत्येक स्वर वेगळा मोजणाऱ्या चाचण्या मागा. सोबत टिम्पॅनोमेट्री, म्हणजे मधल्या कानाची तपासणी, हवीच. सतत सर्दी होणाऱ्या, आडवं पडून बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाच्या मधल्या कानात पाणी साठतं आणि कमी ऐकू येतं. हा दोष बरा होणारा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही तपासणी १००० हर्ट्झच्या स्वरानेच करायची, नाहीतर निष्कर्ष फसवा येतो.

संस्थेला विचारायचे प्रश्न: बाळ अतिदक्षता विभागात होतं का, जेंटामायसिन किंवा अमिकासिन (कानाला अपाय करू शकणारी प्रतिजैविकं) दिलं होतं का, मेंदूज्वर झाला होता का. मेंदूज्वरानंतर बहिरेपण आलं असेल तर घाई करावी लागते, कारण कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात, हाड भरत जातं आणि इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्राची) तार आत सरकवणं अवघड होतं. इम्प्लांटचा विचार असेल तर एमआरआयमध्ये श्रवणतंतू आहे की नाही हे आधी पाहतात. तंतूच नसेल तर यंत्राचा उपयोग नाही.

मूल चार-पाच वर्षांचं असेल आणि आजवर त्याला ना श्रवणयंत्र मिळालं ना खुणांची भाषा, तर खरी अडचण कानाची नसून भाषेची असते. अशा मुलाला कोणतीच भाषा आलेली नसते. इम्प्लांटचा फायदा वय वाढेल तसा घटतो, त्यामुळे इथे भारतीय सांकेतिक भाषा पहिल्या दिवसापासून, आणि ती आईवडिलांनीही शिकायची. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे तपासणी, यंत्र आणि मार्गदर्शन एका छताखाली मिळतं. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या अडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, पण उत्पन्नाची अट आहे. संस्थेत असताना पात्र असलेलं मूल तुमच्या घरी आल्यावर तुमच्या उत्पन्नामुळे अपात्र ठरू शकतं. अर्ज आधीच गेला आहे का, हे होकार देण्यापूर्वी विचारा.

क्लबफूट हा या यादीतला सर्वांत सोपा दोष. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला एक अशी साधारण पाच ते सात प्लास्टरं, बहुतेकांना टाचेमागचा स्नायुबंध कापायची छोटी शस्त्रक्रिया, मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. बिघडतं ते नंतर. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने रोज २३ तास आणि मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री घालावे लागतात. संस्थेत पाळ्या बदलतात, पाय वाढतो, बूट लहान होतात आणि पाऊल पुन्हा वळतं. त्यामुळे 'उपचार पूर्ण' हे शब्द वाचून समाधान मानू नका. बूट कधीपासून बंद आहेत ते विचारा आणि पाऊल वर किती वळतं हे दाखवणारा व्हिडिओ मागवा.

दुभंगलेली टाळू असेल तर शस्त्रक्रिया साधारण ९ ते १८ महिन्यांत, बोलणं सुरू होण्याच्या सुमारास, झालेली बरी. अशा मुलांच्या कानात पाणी साठणं जवळजवळ ठरलेलंच, म्हणून वर सांगितलेली कानाची तपासणी इथेही लागू.

हात अपुरा असण्याबाबत एक भेद महत्त्वाचा आहे. कोपराखाली हात सरळ थांबला असेल तर बहुतेक वेळा बाकी सगळं ठीक असतं. पण अंगठा नाही आणि मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलेलं आहे, अशा स्थितीत हृदयाचा टूडी इको, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे आणि प्लेटलेटसह रक्ततपासणी मागा. फॅन्कोनी अ‍ॅनिमियासाठी गुणसूत्र तुटण्याची वेगळी चाचणी असते; या आनुवंशिक आजारात रक्तपेशी तयार होणं कमी होत जातं. पोर्टलवरच्या फोटोत दिसतो तो फक्त हात.

होकारानंतरची गाडी मात्र बऱ्यापैकी रुळावर चालते. मूल आधी दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येतं, आणि सप्टेंबर २०२२पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. कायद्यात त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्यात वजन-उंचीबरोबर उपचारांची नोंद करून घ्यावी. तपासनीस आपणहून विचारेलच असं नाही.

उपचारांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण, क्लबफूट आणि दुभंगलेला ओठ-टाळू हे तिन्ही येतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे दोष असावा लागतो, त्यामुळे एकाच कानाने ऐकू न येणारं मूल त्या व्याख्येत बसत नाही. निरामय विमा योजनेच्या भरवशावरही राहू नका. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. खासगी आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो, म्हणून पहिल्या तीन वर्षांच्या शस्त्रक्रियांचा पैसा हाताशी ठेवूनच होकार द्या.