घरी येणाऱ्या व्हेटचा (प्राण्यांच्या डॉक्टरचा) अनुभव (सात-आठ महिने झाले)

आमचा ब्रूनो लॅब्रॅडॉर, बारावं चालू, वजन ३४ किलो, आणि आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. मागच्या पायांत संधिवात, त्यामुळे क्लिनिकला न्यायचं म्हणजे बाबांची कंबर आणि माझी रजा दोन्ही जायचं.

आधी एका अ‍ॅपवरून बुक केलं होतं. आलेला मुलगा थेट सिरिंजच भरायला लागला, रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर म्हणे सर नंतर फोन करतील. इंजेक्शन न देताच परत पाठवला. १९८४ च्या कायद्यानुसार डॉक्टर व्हेटर्नरी कौन्सिलकडे रजिस्टर्ड असावा लागतो, तेव्हा नंबर बिनधास्त विचारा, खरा डॉक्टर चिडत नाही.

आता ज्या मॅडम येतात त्यांनी पहिल्यांदा बराच वेळ त्याला हातच लावला नाही, नुसतं इकडून तिकडे चालायला लावलं. मग म्हणाल्या गोळ्या देते पण आधी या टाइल्सचं काहीतरी करा, उठताना त्याचे मागचे पाय फाकतायत बघा. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापले, नखं कापली, आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट टाकायला सांगितली. क्लिनिकमधे हे कुणाला दिसणार, तिथे तो टेबलावर थरथरत उभा असतो! मॅट टाकल्यापासून रात्री स्वतः उठून पाणी पितो. मला विचाराल तर सगळी फी इथेच वसूल झाली.

लस आइसबॉक्समधून आणतात (२ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते), बाटलीवरचं स्टिकर कार्डावर आपल्यासमोर चिकटवतात. दुखण्याची गोळी रोज चालू करायच्या आधी लिव्हर-किडनीसाठी रक्त घरीच काढलं. आमच्या आत्या म्हणे माणसांची अर्धी गोळी द्या की, तर मॅडमनी तिथेच थांबवलं, त्या गोळीतल्या आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनीही जाऊ शकते.

आता कटकटी. दिलेल्या वेळेपेक्षा तासभर उशीर ठरलेला. क्लिनिकच्या जवळजवळ दुप्पट पैसे. वजनकाटा नाही आणि डोस तर वजनावर असतो, मग मी त्याला कडेवर घेऊन आमच्या काट्यावर उभा, नंतर माझं वजन वजा, शेजारचे काका दारात उभं राहून हसतायत. एक्स-रे, सोनोग्राफी अर्थातच घरी नाही.

पावसाळ्यात ताप आला, खाणं बंद, हिरड्या पांढरट. रात्री फोन केला तर मॅडम स्पष्ट म्हणाल्या, मी येण्यात वेळ घालवू नका, उचला आणि हॉस्पिटल गाठा. चादरीत घालून चौघांनी खाली नेला. गोचीड ताप निघाला, प्लेटलेट्स पार खाली, दोन दिवस सलाइन. म्हणून रात्री चालू असणाऱ्या हॉस्पिटलचा नंबर आणि कुत्रा गाडीत घेणारा रिक्षावाला आधीच शोधून ठेवा, घरी येणारा डॉक्टर कितीही चांगला असला तरी.

मांजरवाल्यांनो, बास्केट बघूनच माळ्यावर पळणाऱ्यांसाठी ही सोय मस्तच, फक्त बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं तर घरी कुणाला बोलवत बसू नका, लगेच निघा.