सामान झकास, पण सुट्ट्या पुडीवर खूण का नाही?

लातूरला गंजगोलाईकडं केकचं सामान मिळतं तिथनं पोरीच्या वाढदिवसाचं सगळं आणलं. साचे, क्रीम, खायचे रंग एक नंबर आणि भाव पण वाजवी. पण जेलीसाठी पावडर मागितली तर साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत सुट्टी बांधून दिली, वर ना नाव ना शाकाहारीचा हिरवा ठिपका ना मांसाहारीचा तपकिरी त्रिकोण. घरी थंड पाण्यात भिजवली तर फुगली आणि वास वेगळाच यायला लागला, म्हणून फोन करून विचारलं तर म्हणले जिलेटिन आहे ताई. अहो जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासनं काढतात! आमच्या सासूबाई माळकरी, दरवर्षी आषाढीला पायी जातात, त्यांच्या वाटीत हे गेलं असतं तर कोणत्या तोंडानं बोलले असते त्यांच्याशी?

मग बाकीचं सामान पण तपासलं. लाल रंगाच्या पाकिटावर घटकांत १२० नंबर नव्हता ते बरं, त्या नंबरचा रंग कोचिनील किड्यांपासनं काढतात. चकचकीत गोळ्यांवर मात्र ९०४ सापडला म्हणजे लाख, ती पण किड्याचीच, पण आपल्या नियमात लाख मांसाहारीत धरत नाहीत म्हणून हिरवा ठिपका असतो.

दुसऱ्या दिवशी चायना ग्रास आणलं, हे समुद्री शेवाळाचं, नीट उकळावं लागतं पण जेली इतकी घट्ट बसली की फ्रिजबाहेर पण वितळली नाही. दुकानदारानं पैसे कुरकुर न करता परत दिले, म्हणून पाचपैकी तीन देते. दादा, प्रत्येक पुडीवर नावाची चिठ्ठी लावा, लगेच पाच करते.