'प्रयत्न' लॅटिनमध्ये लिहायचा तर शब्द कोणता? लाबोर, ओपेरा, स्तुदिउम, कोनातुस आणि मंडळी

शाळेच्या बोधचिन्हाखाली दोन लॅटिन शब्द हवे असतात, लॅटिनच्या स्वाध्यायात 'त्यानं खूप प्रयत्न केला' हे वाक्य आलेलं असतं, नाहीतर तत्त्वज्ञ स्पिनोझावर मराठीत लेख लिहायचा असतो. तिन्ही वेळा माणूस शब्दकोशात 'प्रयत्न' शोधतो आणि समोर अर्धा डझन शब्द येतात. बरेच जण त्यातला पहिला उचलून मोकळे होतात. गोची अशी की 'प्रयत्न' या आपल्या शब्दासारखा, कुठेही चालणारा शब्द लॅटिनमध्ये नाही. तिथला प्रत्येक शब्द प्रयत्नाची एकच बाजू दाखवतो: सोसावं काय लागलं, वेळ कुणासाठी दिला, ओढ कशाची होती, की नुसती सुरुवातच झाली. म्हणून शब्द निवडण्याआधी आपल्याला यांतलं काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं.

लिप्यंतराबद्दल आधीच एक खुलासा. लॅटिनमध्ये 'आ', 'ए' आणि 'ओ' हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. देवनागरीत हा फरक दाखवायची सोय नाही, त्यामुळे खाली दोन्हींना एकच चिन्ह आहे आणि जिथे अर्थ बदलतो तिथे तसं सांगितलंय. उच्चार प्राचीन रोमन पद्धतीचे आहेत. चर्चच्या परंपरेत 'विंकित'चं 'विंचित' आणि 'प्रेतिउम'चं 'प्रेत्सिउम' होतं. दोन्ही परंपरा मान्य आहेत, मात्र एकाच वाक्यात त्यांची खिचडी करू नये.

लाबोर: कष्ट, दोन्ही अर्थांनी

सर्वात प्रसिद्ध आणि सर्वात जास्त चुकीचा वापरला जाणारा शब्द हाच. पुल्लिंगी, तिसऱ्या गटातलं नाम (लॅटिन नामं विभक्तीच्या प्रत्ययांनुसार पाच गटांत मोडतात), षष्ठी 'लाबोरिस'. मराठीत याला 'प्रयत्न'पेक्षा 'कष्ट' जवळचा. कष्टाची भाकरी म्हणतानाही कष्ट, आणि आजाऱ्याला फार कष्ट होताहेत म्हणतानाही कष्ट. लाबोरचा पसारा जवळजवळ तेवढाच आहे. 'लाबोरारे' या क्रियापदाचा अर्थ राबणं असा होतो, तसाच एखाद्या व्याधीनं बेजार असणं असाही होतो. 'एक्स रेनिबुस लाबोरारे' म्हणजे मूत्रपिंडाच्या दुखण्यानं त्रस्त असणं. कवितेत तर सूर्यग्रहणालाही 'सोलिस लाबोरेस', म्हणजे सूर्याचे कष्ट, म्हटलं आहे.

लाबोर आणि वेदना यांतला फरक रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोनं इ.स.पू. 45 मध्ये लिहिलेल्या 'तुस्कुलानाय' संवादांच्या दुसऱ्या भागात सांगितला आहे. लाबोर म्हणजे मनानं किंवा शरीरानं पार पाडलेलं जड काम; 'दोलोर' म्हणजे शरीरातली नकोशी, बोचरी हालचाल. उदाहरण सेनापती मारिउसचं: पायांच्या फुगलेल्या शिरा कापल्या जात होत्या तेव्हा त्याला दोलोर होता, भर उन्हात सैन्य घेऊन चालला तेव्हा लाबोर. ग्रीकांकडे दोन्हींना एकच शब्द, म्हणून शब्दसंपत्तीचा तोरा मिरवणाऱ्या ग्रीसला तो तिथे चिमटाही काढतो. 'कष्ट'वाल्या आपल्यालाही तो चिमटा बसायला हरकत नाही.

आता बोधवाक्यांचा मुद्दा. 'लाबोर ओम्निआ विंकित', कष्ट सर्वांवर विजय मिळवतात, हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं बोधवाक्य आहे आणि जगभर कितीतरी संस्थांनी ते घेतलं आहे. ज्याच्या नावावर ते सांगितलं जातं त्या रोमन कवी व्हर्जिलनं मात्र असं लिहिलेलं नाही. शेतीवरच्या त्याच्या 'जॉर्जिक्स' या काव्याच्या पहिल्या सर्गात, ओळी 145–146 मध्ये, आहे 'लाबोर ओम्निआ वीकित इम्प्रोबुस'. 'वीकित' हा भूतकाळ, आणि 'इम्प्रोबुस' म्हणजे निर्दय, हट्टी, काहींच्या मते सरळ दुष्ट. संदर्भ असा की ज्युपिटरनं सुवर्णयुग संपवलं, आयतं मिळणारं अन्न बंद झालं, आणि मग निर्दय कष्टांनी सगळं व्यापलं, सोबत हलाखीत रेटत नेणारी गरज. तो विजयाचा जयघोष आहे की माणसाच्या नशिबाबद्दलची खंत, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. वर्तमानकाळातलं वाक्य लावायला व्याकरणाची आडकाठी नाही. पण त्याखाली 'व्हर्जिल' लिहिलं, तर जाणकार वाचक लगेच बोट ठेवेल.

'ओरा एत लाबोरा', प्रार्थना कर आणि काम कर, हे मठजीवनाचे नियम घालून देणाऱ्या संत बेनेडिक्टच्या नावावर खपतं. त्याच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत हे वाक्य नाही. तिथल्या 48 व्या प्रकरणात रिकामपण आत्म्याचा शत्रू आहे आणि मठातल्या बंधूंनी ठरावीक वेळी हातांचं काम करावं, असं आहे. म्हणजे तिथे लाबोर शुद्ध अंगमेहनत आहे. शिवाय हे एकवचनी आज्ञार्थ आहेत. अख्ख्या वर्गाला उद्देशून लिहायचं तर 'ओराते एत लाबोराते' हवं.

आणखी एक सापळा आहे. कष्टवाल्या लाबोरचा पहिला 'आ' ऱ्हस्व. तोच दीर्घ केला तर 'मी घसरतो' असं क्रियापद तयार होतं. लिहिताना दोन्ही सारखे दिसतात, पण कार्यक्रमात कुणी पहिला स्वर लांबवून म्हटला की अर्थ घसरलाच.

ओपेरा: वेळ आणि लक्ष देणं

लॅटिन गद्य लिहिणाऱ्यानं सर्वात आधी हाताशी ठेवावा असा शब्द हा, आणि शब्दकोशात तो नेमका दुर्लक्षिला जातो. स्त्रीलिंगी, पहिल्या गटातला, षष्ठी 'ओपेराय'. अर्थ: एखाद्या कामासाठी दिलेली मेहनत, सेवा, लक्ष. यात दुःख सोसणं नाही.

एकटा तो फारसा येत नाही, ठरलेल्या जोड्यांत येतो. 'ओपेराम दारे' म्हणजे लक्ष घालणं, झटणं. ज्यासाठी झटायचं ते नाम चतुर्थीत: 'लित्तेरीस ओपेराम दारे', वाचन-लेखनाला वाहून घेणं. पुढे क्रिया असेल तर 'उत' ('की', 'म्हणून') आणि सब्जंक्टिव्ह, म्हणजे हेतू-इच्छा दाखवणारं क्रियापदाचं रूप: 'दा ओपेराम उत वालेआस', प्रकृतीला जप, हा सिसेरोच्या पत्रांचा नेहमीचा समारोप. 'त्यानं प्रयत्न केला की…' अशा मराठी वाक्याला ही रचना नव्वद टक्के वेळा बरोबर बसते. 'ओपेराय प्रेतिउम' म्हणजे मेहनतीचं चीज होईल असं काही; लिव्हिउसनं रोमच्या इतिहासाची प्रस्तावना याच शब्दांच्या शंकेनं सुरू केली आहे. आणि मेहनत पाण्यात गेली तर 'एत ओलेउम एत ओपेराम पेर्दिदी', तेलही गेलं, मेहनतही गेली. हे प्लाउतुसच्या नाटकातलं, इ.स.पू. 55 मध्ये सिसेरोनंही एका पत्रात वापरलेलं. धुपाटणं तेवढं आपलं.

धोके तीन. 'ओपुस' (काम, कृती) या नपुंसकलिंगी नामाचं अनेकवचनही 'ओपेरा'च होतं, म्हणून वाक्यात क्रियापद एकवचनी आहे की अनेकवचनी ते पाहूनच अर्थ ठरतो. 'ओप्स' (शक्ती, साधन) हा तिसराच शब्द. त्याचं 'ओपे' हे रूप गडबड करतं. आणि ओपेराचं अनेकवचन 'ओपेराय' म्हणजे भाडोत्री माणसं. सिसेरो भावाला लिहिलेल्या पत्रात 'ओपेराय क्लोदिआनाय' म्हणतो तेव्हा त्याला क्लोदिउसच्या मेहनती नव्हे, त्याचे पोसलेले गुंड म्हणायचे आहेत. संस्थेच्या नावात हे अनेकवचन नको.

स्तुदिउम आणि इन्दुस्त्रिआ

स्तुदिउम नपुंसकलिंगी, मूळ अर्थ ओढ, उत्साह, ध्यास. अभ्यास हा अर्थ त्यातून आला, आणि इटालियनमार्गे आपला 'स्टुडिओ'ही. मनापासून केलेला, आवडीचा प्रयत्न सांगायचा तर हाच शब्द. पण ओढ एका बाजूची झाली की स्तुदिउम म्हणजे पक्षपात. तासितुसचं 'सिने ईरा एत स्तुदिओ' म्हणजे रागाशिवाय आणि पक्षपाताशिवाय. 'अभ्यासाशिवाय' असा अनुवाद केला तर इतिहासकाराची पुरती अब्रू जाते. क्रियापद 'स्तुदेरे' चतुर्थी घेतं. 'नोवीस रेबुस स्तुदेरे' हे कुणाला 'नव्या गोष्टींचा अभ्यास' वाटेल, पण सीझर गॉल लोकांबद्दल हे म्हणतो तेव्हा त्यांना राज्य उलथवायची हाव आहे असं त्याला म्हणायचं असतं. नवोपक्रम केंद्राच्या पाटीवर हे शब्द अजिबात नकोत.

इन्दुस्त्रिआ म्हणजे उद्योगीपणा, सतत हालचालीत राहण्याचा स्वभाव. संस्कृत-मराठी 'उद्योग' जसा यत्नाकडून कारखान्याकडे गेला तसाच याचाही प्रवास युरोपीय भाषांत झाला. लाबोरशी फरक पाहायचा तर इ.स.पू. 66 मध्ये पाँपेची शिफारस करताना सिसेरोनं सेनापतीचे गुण मोजले ते पाहावेत: कामाच्या भारात लाबोर, कृती करताना इन्दुस्त्रिआ. एक टिकाव, दुसरी तडफ. 'दे इन्दुस्त्रिआ' हा शब्दसमूह मात्र टाळावा. त्याचा अर्थ 'उद्योगातून' नाही, 'मुद्दाम, हेतुपुरस्सर' असा आहे.

कोनातुस: बोधचिन्हावर नको, तत्त्वज्ञानात हवाच

पुल्लिंगी, चौथ्या गटातलं नाम. एकवचन 'कोनातुस', षष्ठी आणि अनेकवचन दीर्घ ऊकारानं 'कोनातूस'. 'कोनोर' (मी प्रयत्न करतो) या क्रियापदावरून आलेलं. हे क्रियापद कर्मणी रूपांत चालतं आणि अर्थ कर्तरी देतं. त्याच्यापुढे इन्फिनिटिव्ह येतं, 'करायला'सारखं रूप: 'दोकेरे कोनोर', मी शिकवायचा प्रयत्न करतो. 'ओपेराम दारे'च्या सवयीनं इथेही 'उत' लावणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

अर्थानं हा शब्दकोशातल्या 'प्रयत्ना'च्या सर्वात जवळचा, आणि तीच त्याची अडचण. कोनातुसमध्ये यशाची हमी नाही. बऱ्याचदा फसलेला किंवा हाणून पाडलेला बेत सूचित होतो. राज्य उलथवण्याचा कट करणाऱ्या कातिलीनाविरुद्धच्या पहिल्या भाषणात, इ.स.पू. 63 मध्ये, सिसेरो 'तुझे नीच कोनातूस मी चिरडले' असं सांगतो. क्रीडासंघानं हा शब्द ढालीवर कोरणं म्हणजे हरण्याची आगाऊ कबुली.

त्याचं दुसरं आयुष्य वेगळं आहे. सिसेरोनंच ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांच्या 'होर्मे' (आतून येणारी ओढ) या संज्ञेसाठी कोनातुस वापरला होता. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जनं तो गतिशास्त्रात आणला: 1655 च्या ग्रंथात कोनातुस म्हणजे मोजता येईल त्याहून कमी जागेत आणि कमी वेळात होणारी हालचाल. स्पिनोझाच्या 1677 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'एथिका'त, तिसऱ्या भागातल्या सहाव्या-सातव्या विधानांत, प्रत्येक वस्तू आपल्या परीनं आपल्या अस्तित्वात टिकून राहू पाहते आणि हा कोनातुस म्हणजेच तिचं वास्तव सार. हा दगडालाही लागू आहे. नवव्या विधानाच्या टिपेत तो पुढे फोड करतो: केवळ मनाच्या संदर्भात तो 'वोलुन्तास' (संकल्प), मन-शरीर दोन्हींच्या संदर्भात 'आप्पेतीतुस' (वासना), आणि त्याची जाणीव असेल तर 'कुपिदितास' (इच्छा).

मराठीत कोनातुसला 'इच्छा' म्हटलं तर कुपिदितासला शब्द उरत नाही. 'प्रयत्न' म्हटलं तर न्याय-वैशेषिक ही भारतीय दर्शनं शिकलेला वाचक अडखळतो, कारण तिथे प्रयत्न हा चोवीस गुणांपैकी एक आणि फक्त आत्म्याचा गुण आहे. त्यातल्या त्यात जवळ येतो तो वैशेषिक भाष्यकार प्रशस्तपादाचा 'जीवनपूर्वक प्रयत्न', झोपेतही श्वास चालू ठेवणारा. पण तोही दगडापर्यंत पोचत नाही. 'धडपड'मध्ये कासाविशी डोकावते. सरळ मार्ग असा: पहिल्या उल्लेखात 'कोनातुस, म्हणजे टिकून राहण्याची ओढ' लिहावं आणि पुढे कोनातुसच ठेवावा.

नीसुस, थोडक्यात

'नीतोर' (रेटतो, भार टाकतो, झटतो) यापासून आलेलं, चौथ्या गटातलं नाम. 'निक्सुस' हे त्याचंच भावंड, प्रसूतीच्या कळांसाठीही वापरलेलं. नाम म्हणून मोजक्या ठिकाणीच शोभतं. क्रियापद मात्र दमदार आहे. 'सुम्मा ओपे नीती', सर्व शक्ती लावून झटणं, हे सालुस्तिउसच्या कातिलीनावरच्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यातले शब्द. परीक्षेतल्या 'जिवाचं रान केलं'साठी याहून चांगलं काही सापडणं कठीण.

मग निवड कशी करायची

गद्य लिहिताना नामाच्या मागे लागू नये. मराठी 'प्रयत्न करणं'चं शब्दशः लॅटिन, म्हणजे कोनातुसला 'करणं' लावून, कृत्रिम वाटतं. पुढे एखादी क्रिया असेल आणि यश अनिश्चित असेल तर 'कोनोर' व इन्फिनिटिव्ह. ठरवून, काळजीनं केलेलं असेल तर 'ओपेराम दारे'. शर्थीचं असेल तर 'नीतोर'.

बोधवाक्यासाठी आमचं मत इन्दुस्त्रिआ किंवा स्तुदिउमच्या बाजूनं आहे. त्यातही शाळेला स्तुदिउम, तंत्रशिक्षण संस्थेला इन्दुस्त्रिआ. लाबोर वाईट नाही, पण रोमन लिपीत लिहिलेला तो आपल्याकडे 'लेबर' असाच वाचला जाणार, आणि ओपेरा पाहून लोकांना गाणं आठवणार. प्रत्यक्ष कोरताना प्राचीन धाटणी हवी असेल तर मोठ्या अक्षरांत यूच्या जागी व्ही येतो: स्तुदिउममध्ये तो दोनदा, इन्दुस्त्रिआत एकदा. कारागिराला कागदावर तसंच लिहून द्यावं. एका ठिकाणी व्ही आणि दुसऱ्या ठिकाणी यू झाला तर पाटी पुन्हा करावी लागते. दीर्घ स्वरांवरच्या आडव्या रेघा पाठ्यपुस्तकांपुरत्याच असतात, त्या कोरायच्या नाहीत.