इंजिन न उतरवता क्रँक ग्राइंडिंग करून देतो म्हणाले, तर गाडी तिथे सोडू नका

आमची पिकअप निफाडहून वाशीला कांदा नेते, भाऊ स्वतः चालवतो. परतताना कसारा घाटात खालून ठकठक आवाज यायला लागला आणि स्लो रेसवर ऑइलची लाल लाईट पेटू लागली. क्रँक म्हणजे पिस्टनच्या रॉडांनी फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा; तोच खराब झालाय हे निदान हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं बरोबर केलं. "क्रँक गेलाय दादा, पण इंजिन उतरवायचं काम नाही. खालूनच ग्राइंडिंग करून देतो, संध्याकाळी गाडी न्या." पावतीवर 'क्रँक ग्राइंडिंग व शेल' (शेल म्हणजे क्रँकभोवती बसणारे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) लिहून साडेअकरा हजार घेतले.

पंधरवडा झाला नसेल, आवाज पहिल्यापेक्षा वाढला. नाशिकच्या मिस्त्रींनी आमच्यासमोर चेंबर, म्हणजे इंजिनखालचा तेलाचा डबा, खोललं. तळाशी धातूचा चकाकता चुरा. रॉडचे शेल काढले तर पाठीवर 'एसटीडी' छापलेलं, म्हणजे मूळ मापाचे. शेल आणि रॉडच्या मध्ये डब्याच्या पत्र्याची कापलेली पट्टी बसवलेली! पिनेला, म्हणजे क्रँकवर रॉड बसतो त्या गोल भागाला, मायक्रोमीटर लावला तर उभं माप वेगळं, आडवं वेगळं. मिस्त्री म्हणाले, पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून दोरीनं ओढलीय, दुसरं काही नाही. त्या पेपरची रेती तेलाच्या भोकांतसुद्धा अडकली होती.

ग्राइंडिंग म्हणजे क्रँक बाहेर काढून मशीनवर दोन्ही टोकांना धरून फिरवायचा आणि पिना नव्या मापाला गोल करायच्या. पिकअपचा क्रँक मेन कॅपांनी ब्लॉकमध्ये आवळलेला, मागे फ्लायव्हील, पुढे टायमिंग गिअर. तो गाडीखाली झोपून निघणार कसा? जहाजांच्या अवाढव्य इंजिनांत पिन जागेवर घासायची मशीनं असतात, पण तिथे क्रँककेसमध्ये माणूस शिरतो.

एक मात्र खरं, पिन गोल आणि मापात असेल तर चेंबर उघडून खालून शेल बदलता येतात. प्रामाणिक मिस्त्री तसं करतात आणि त्याला शेल बदलणंच म्हणतात. ग्राइंडिंग झालं असेल तर शेलवर 0.25, 0.50 असं अंडरसाईज माप, म्हणजे घासून पिन किती मिलिमीटर बारीक झाली ते, असलंच पाहिजे. फिटिंगआधी ते बघा, जुने शेल मागून घ्या आणि क्रँक जिथे घासला त्या मशीन शॉपची वेगळी पावती मागा. पिन आणि शेलमधली तेलाची फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, तिथे पत्र्याची पट्टी घालणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे. भरल्या गाडीचा रॉड घाटात तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असता तर भावाचं काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

शेवटी इंजिन उतरवलं, क्रँक 0.50 ला घासला, ब्लॉक धुऊन घेतला. पहिल्या गॅरेजविरुद्ध पावती, पट्टी आणि शेलच्या फोटोंसह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार दिली आहे. गाडी धंद्याची आहे म्हणून कुणी मागे हटू नका. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकच आहे.